गोळी छातीसाठी, खोकला घशाला

प्रश्न : गेल्या चतुर्थीच्या आधी बाबांना हार्ट अटॅक आला. डिचोलीच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढून इंजेक्शन दिले, तिथून १०८ रुग्णवाहिकेने गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेले आणि स्टेंट बसवला. आता ते कुळागरात सकाळची फेरी मारण्याइतके बरे आहेत. पण दोन महिन्यांपासून त्यांना कोरडा खोकला लागला आहे. कफ नाही, ताप नाही; घशात काहीतरी टोचत असल्यासारखे सारखे खाकरतात. रात्री घरात कुणालाच धड झोप नाही. एक्स-रे साफ, थुंकीची तपासणी साफ. सिरपच्या तीन बाटल्या संपल्या. आई रोज ज्येष्ठमधाचा काढा देते. शेजारची काकी म्हणते, हा खोकला हार्टच्या गोळ्यांचा आहे, गोळ्या बंद करा. हृदयासाठी घेतलेल्या गोळीने घसा कसा बिघडेल?
— नार्वे, डिचोली येथील वाचक

उत्तर : काकींचे निदान बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांचा उपाय मात्र ऐकू नका.

आधी बाबांच्या गोळ्यांची सगळी पाकिटे समोर घ्या. कंपनीने दिलेल्या ठळक नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे खरे नाव छापलेले असते. तिथे रामिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल, लिसिनोप्रिल असे काही सापडते का पाहा. शेवट ‘प्रिल’ने होणारे नाव मिळाले, तर खोकल्याचा पहिला संशयित तोच. हे औषध घेणाऱ्या शंभरांतल्या साधारण पाच ते वीस जणांना असा कोरडा, खवखवणारा खोकला होतो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. कुणाला पहिल्या आठवड्यातच सुरू होतो, कुणाला चार-पाच महिन्यांनी. त्यामुळे ‘एवढे दिवस घेतोय, तेव्हा नव्हता ना खोकला’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. आणखी एक गोष्ट, हा खोकला मात्रेवर फारसा अवलंबून नसतो. अर्धी गोळी केली म्हणून तो निम्मा होत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, छातीच्या गोळीचा घशाशी संबंध काय? हा संबंध एका सापापासून सुरू होतो.

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा एक विषारी साप आहे. आपल्या चोर्ला घाटात पावसाळ्यात दिसणारा चापडा त्याच्याच कुळातला. १९४९ मध्ये साव पावलोचे संशोधक रोशा ई सिल्वा आणि त्यांचे सहकारी या सापाचे विष रक्तद्रवात मिसळून पाहत होते. त्यातून एक नवा पदार्थ हाती लागला, ब्रॅडिकायनिन. तो आपल्या सगळ्यांच्या शरीरात तयार होतो, रक्तवाहिन्या सैल करतो आणि थोड्याच वेळात मोडून नाहीसा होतो. पुढे त्यांचेच विद्यार्थी सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये दाखवले की त्याच विषात आणखी एक घटक आहे आणि तो ब्रॅडिकायनिनला मोडूच देत नाही. साप चावल्यावर माणसाचा रक्तदाब धाडकन का उतरतो, याचे एक उत्तर त्यात होते. फेरेरा हे विष घेऊन लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे कळले की विषातला हा घटक ज्या एन्झाइमला अडवतो, तेच एन्झाइम शरीरात रक्तदाब वाढवणारा अँजिओटेन्सिन-२ हा पदार्थ बनवते. एकच एन्झाइम, दोन कामे : एक पदार्थ घडवायचा, दुसरा मोडायचा. त्याला अडवणारी गोळी करता आली, तर रक्तदाब उतरेल. अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंडेटी या दोघांनी ती केली. कॅप्टोप्रिल तिचे नाव. १९८१ मध्ये तिला अमेरिकेत परवानगी मिळाली. रामिप्रिल तिचेच धाकटे भावंड.

हे एन्झाइम फुप्फुसात भरपूर असते. गोळीने ते अडले की अँजिओटेन्सिन कमी होतो आणि हृदयावरचा भार हलका होतो. हे हवेच होते. पण मोडायचा राहिलेला ब्रॅडिकायनिन श्वासनलिकेत साठतो आणि तिथले मज्जातंतू हळवे करतो. मग नुसता थंड वारा, फोडणीचा ठसका, दोन वाक्ये जोरात बोलणे, एवढ्यानेही खोकला उसळतो. म्हणजे खोकला आणि फायदा दोन्ही एकाच कामातून येतात. गोळी खराब निघाली, कंपनी बोगस आहे किंवा सरकारी पुरवठ्यातली आहे म्हणून असे झाले, यांत काही तथ्य नाही. महागातली घेतली तरी होणारच.

आणि म्हणूनच सिरपच्या तीन बाटल्या वाया गेल्या. एका गोळीचा परिणाम हा नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध, दुसऱ्याच्या परिणामावर तिसरे, अशी साखळी लागते. तुमच्या घरात ती एक पायरी पुढे गेली आहे, आणि या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट तीच : ज्येष्ठमध. घसा बसला म्हणून दोन दिवस काडी चघळायला कुणाची हरकत नाही. पण आठवडेच्या आठवडे रोज काढा घेतला, तर ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे अंगात मीठ-पाणी साचते, पोटॅशियम लघवीवाटे जाते आणि रक्तदाब चढतो. अटॅक येऊन गेलेल्या माणसात या तिन्ही गोष्टी नको असलेल्या. रक्तदाब उतरवणाऱ्या गोळीने खोकला दिला, आणि खोकल्याच्या काढ्याने रक्तदाब वाढवला! आईंना दोष देऊ नका, त्या त्यांच्या परीने काळजीच घेत होत्या; पण काढा आजपासून बंद. सर्दी-खोकल्याच्या काही सिरपांत आणि गोळ्यांत नाक मोकळे करणारे फिनायलेफ्रिनसारखे औषध असते, तेही रक्तदाब वाढवू शकते. फार्मसीत ‘खोकल्यावर काहीतरी द्या’ म्हणण्याऐवजी ‘हार्ट पेशंटसाठी आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

मग गोळी बंद करायची का? आपल्या मनाने नाही. अटॅकमध्ये हृदयाचा जो भाग दुखावतो, तो पुढच्या महिन्यांत ताणत आणि पसरत जातो. ते रोखायला ही गोळी दिलेली असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ नावाच्या मोठ्या चाचणीत नऊ हजारांहून अधिक माणसे होती. रामिप्रिल घेणाऱ्यांत अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू, तिन्ही कमी झाले. त्याच चाचणीत खोकल्यामुळे औषध थांबवणारे रामिप्रिलच्या गटात ७.३ टक्के होते आणि बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांच्या गटात १.८ टक्के.

सुदैवाने या गोळीला चांगली बदली आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, वाल्सार्टन ही ‘सार्टन’ मंडळी अँजिओटेन्सिनला त्याच्या कामाच्या जागी अडवतात; ब्रॅडिकायनिनच्या वाटेला जात नाहीत. २००८ मध्ये पुऱ्या झालेल्या ‘ऑनटार्गेट’ चाचणीत पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांत टेल्मिसार्टन रामिप्रिलइतकेच उपयोगी ठरले आणि खोकल्याने औषध सोडणारे ४.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आले. डॉक्टर बहुधा हाच बदल करतील. बदलल्यावर दुसऱ्या दिवशी खोकला थांबावा अशी अपेक्षा मात्र धरू नका. एक ते चार आठवडे लागतात, क्वचित तीन महिनेही.

पण थांबा. खोकला गोळीचाच आहे हे ठरवण्याआधी एक गोष्ट पाहायलाच हवी. अटॅकनंतर हृदयाची ताकद कमी पडली आणि फुप्फुसात पाणी साचू लागले, तरीही खोकला येतो. आडवे झाल्यावर खोकला वाढतो का? उशा वाढवाव्या लागतात का? रात्री दम लागून उठून बसावे लागते का? पाय सुजले आहेत, तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले आहे, असे काही आहे का? एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच दाखवा. आणि याच गोळीने फार थोड्या लोकांचे ओठ, जीभ किंवा चेहरा सुजतो. ते दिसले तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि सरळ १०८ लावायचा. ‘मनाने बंद करू नका’ या नियमाला हा मोठा अपवाद आहे.

गोव्यात हार्ट अटॅकसाठीचा ‘स्टेमी’ प्रकल्प आल्यापासून छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी जवळच्या आरोग्य केंद्रातच काढतात, तो बांबोळीला गोमेकॉत पाहिला जातो आणि रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन जागेवरच देता येते. तुमच्या बाबांना त्याचाच फायदा झाला. अशी सोय झाली तेव्हापासून अटॅकमधून वाचून घरी परतणारी माणसे वाढली, आणि घरी परतलेल्या प्रत्येकाच्या हातात पाच-सहा गोळ्यांची पिशवी आहे. त्या पिशवीतले प्रश्नही मग वाढणारच. पुढची तीन पत्रे त्यातलीच आहेत.

प्रश्न : कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यापासून मांड्या आणि पोटऱ्या दुखतात. मोबाइलवर एक व्हिडिओ आला होता, ही गोळी स्नायू खाऊन टाकते म्हणून. मी पंधरा दिवसांपूर्वी ती सोडली. चूक केली का?
— पेडणे येथील वाचक

उत्तर : डॉक्टरांना न सांगता सोडलीत, एवढी चूक नक्की. बाकीचे उत्तर जरा लांब आहे.

स्टॅटिन गटातल्या औषधाने काही जणांचे स्नायू खरोखर दुखतात. फार क्वचित प्रकार गंभीर होतो. दुखणे तीव्र असते, जिना चढवत नाही, हात वर उचलवत नाही, लघवी चहासारखी गडद होते. असे झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पण नुसते दुखणारे पाय ही फार सर्वसाधारण तक्रार आहे, आणि तिचा गुन्हेगार दरवेळी गोळीच असतो असे नाही.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने याचा एक सुरेख प्रयोग केला. २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला; नाव ‘सॅमसन’. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडून दिलेली ६० माणसे त्यांनी घेतली. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या, महिन्याला एक. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या, चार बाटल्या रिकाम्या. गोळ्यांच्या बाटलीत औषध आहे की नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक नाही. प्रत्येकाने रोज आपल्या त्रासाला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी त्रास ८ आला, औषधाच्या महिन्यांत १६.३. आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत? १५.४. म्हणजे त्रास खरा होता, कुणी नाटक करत नव्हते. पण त्यातला नऊ दशांश गोळी घेतल्याच्या भीतीने आणला होता, औषधाने नव्हे. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आलेख दाखवल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

हे वाचून ‘सगळे मनाचे खेळ’ असे कुणी घरच्या माणसाला सुनावू नये. शरीर दुखते ते दुखतेच. पण व्हिडिओ पाहण्याआधी पाय दुखत होते की नंतर, हे स्वतःला एकदा प्रामाणिकपणे विचारून पाहा.

तुमच्या पत्रात, इथे न छापलेली, एक ओळ ओझरती आली आहे. मला ती व्हिडिओपेक्षा महत्त्वाची वाटते. पावसाळ्यात गजकर्ण झाले होते आणि त्यावर कॅप्सूल चालू होत्या, असे तुम्ही लिहिता. आपल्याकडे आषाढ-श्रावणात ओल्या कपड्यांनी अर्ध्या गावाला ही खाज असते, आणि त्यावर हल्ली इट्राकोनाझोल सर्रास दिले जाते. हे औषध अटोर्वास्टॅटिन आणि सिमवास्टॅटिन यकृतात मोडू देत नाही. रोजचीच गोळी, पण रक्तात ती कितीतरी पट चढते आणि स्नायूंना खरोखर इजा होऊ शकते. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचेही तसेच. ज्यांचे हृदय कमजोर आहे त्यांनी तर इट्राकोनाझोल हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, ते हृदयाचे आकुंचन आणखी मंद करते. त्वचेच्या डॉक्टरांना हार्टच्या गोळ्या सांगायच्या असतात हे पुष्कळांना सुचतच नाही. खाजेचा आणि हृदयाचा काय संबंध, असे वाटते.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना त्या कॅप्सूलची चिठ्ठी घेऊन जा. ते रक्तातले सीपीके तपासतील, थायरॉइडही पाहतील. थायरॉइड मंद असले तरी स्नायू दुखतात. मग मात्रा कमी करता येते, रोसुवास्टॅटिनसारखे दुसरे स्टॅटिन देता येते, त्याच्यासोबत इझेटिमाइब जोडता येते. पर्याय बरेच आहेत. गोळीविना राहणे हा त्यांतला सर्वांत वाईट.

प्रश्न : छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी दिली आहे. ती घेतली की डोके फुटेल असे वाटते. एकदा चक्कर येऊन न्हाणीघराच्या दारात बसलो. म्हणून आता घ्यायलाच भीती वाटते. बायको ती चहाबरोबर गिळायला सांगते. चालेल का?
— मये, डिचोली येथील वाचक

उत्तर : गिळू नका. गिळलेली गोळी यकृतातून फिरून जाते आणि हवा तेव्हा हवा तितका उपयोग होत नाही. जिभेखालीच ठेवायची, आणि आधी बसायचे. उभ्याने घेतल्यामुळेच तुम्हाला चक्कर आली असणार. रक्तवाहिन्या एकदम सैल होतात, रक्त पायांत उतरते. खुर्चीत टेकून बसा, गोळी ठेवा, पाच मिनिटे थांबा. दुखणे कमी झाले नाही किंवा वाढत गेले, तर १०८ बोलवा. गोळ्यांवर गोळ्या घेत घरी बसू नका.

डोकेदुखीचे कारण तेच आहे. हृदयाच्या वाहिन्या रुंद करणारी गोळी डोक्यातल्याही रुंद करते. या डोकेदुखीचा इतिहास औषधापेक्षा जुना आहे. या गोळीतले नायट्रोग्लिसरिन हे स्फोटकही आहे. डायनामाइटच्या कारखान्यांत कामगारांना सोमवारी कामावर आले की डोकेदुखी सुरू व्हायची, आठवड्याच्या अखेरीस ती ओसरायची, आणि रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा. शरीर पाच-सहा दिवसांत सरावते आणि एका सुट्टीत विसरते. त्याच पदार्थाचा छातीच्या दुखण्यावर उपयोग होतो, हे लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. डायनामाइटवर श्रीमंत झालेल्या आल्फ्रेड नोबेलना आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १८९६ मध्ये, डॉक्टरांनी हृदयासाठी हेच औषध पोटात घ्यायला सांगितले. दैवाच्या या थट्टेबद्दल त्यांनी मित्राला पत्रात लिहून कळवले. ही गोळी वाहिन्या कशा रुंद करते, हे उलगडायला पुढे शंभर वर्षे लागली आणि त्या कामाला १९९८ चे नोबेल मिळाले.

तुमच्यापुरते सांगायचे तर, डोकेदुखीला साधे पॅरासिटामॉल चालते. रोज घ्यायच्या लांब पल्ल्याच्या नायट्रेट गोळ्यांची डोकेदुखी बहुतेकांना आठवडाभरात सोसवू लागते. नाही सोसवली तर डॉक्टर मात्रा कमी करून हळूहळू वाढवतात. आणि एक गोष्ट कुणी मोकळेपणाने विचारत नाही, म्हणून न विचारताच सांगतो. ‘ताकदी’साठी मिळणाऱ्या सिल्डेनाफिलच्या गोळीनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास ही जिभेखालची गोळी घ्यायची नाही. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब जीवघेणा उतरतो. या गोळ्या फार्मसीतून गुपचूप आणल्या जातात. दवाखान्यात निदान डॉक्टरांपासून तरी ते लपवू नका.

प्रश्न : वडिलांचे घोटे संध्याकाळी सुजतात. डॉक्टर म्हणाले बीपीच्या गोळीने. दुसऱ्या डॉक्टरांनी पाण्याची गोळी दिली. सूज तशीच, आणि आता लघवीला पळावे लागते म्हणून ते बांबोळीला जायच्या दिवशी गोळीच घेत नाहीत.
— साखळी येथील वाचक

उत्तर : अम्लोडिपिनने घोटे सुजणे हा जुना आणि परिचित प्रकार आहे. दोन्ही पायांना, संध्याकाळी जास्त, रात्री झोपून उठल्यावर कमी. ही सूज अंगात पाणी वाढल्यामुळे नसते. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपते म्हणून असते. त्यामुळे पाण्याच्या गोळीने ती फारशी हटत नाही. इथेही तीच साखळी. पहिल्या गोळीची मात्रा कमी करणे, टेल्मिसार्टनसारखी जोड देणे किंवा सिल्निडिपिनवर जाणे, यांपैकी काही करता येईल का, हे विचारा. एकच पाय सुजला, दुखत असला किंवा सोबत दम लागत असला, तर मात्र गोष्ट वेगळी, लगेच दाखवा.

पाण्याची गोळी काहींना हृदय कमजोर असल्यामुळे दिलेली असते आणि त्यांच्यासाठी ती अत्यंत गरजेची असते. तुमच्या वडिलांची कशासाठी आहे, हे आधी स्पष्ट करून घ्या. फ्युरोसेमाइडचा जोर घेतल्यापासून साधारण सहा तास असतो. बसने बांबोळीला जायचे तर सकाळची गोळी परत आल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, असे विचारले की बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. अजिबात न घेण्यापेक्षा वेळ बदललेली बरी. असे साधे प्रश्न ओपीडीत विचारायला लोक का कचरतात, हे मला अजून समजलेले नाही. रांग मोठी असते हे खरे. पण हा प्रश्न दहा सेकंदांचा आहे.

जाता जाता, गुडघ्यांसाठी ते डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक घेतात का, हे पाहा. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’, वर पाण्याची गोळी आणि वर ही वेदनाशामके, हे त्रिकूट मूत्रपिंडावर घाला घालते आणि पायांची सूजही वाढवते. स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर रोज शहाळे आणि ‘कमी सोडियम’वाले मीठ हेही विचारूनच, दोन्हींत पोटॅशियम भरपूर असते. त्याच स्पायरोनोलॅक्टोनने काही पुरुषांची छाती दुखते, सुजते. लाजेने महिनोन्‌महिने सांगितले जात नाही. एप्लेरेनोन नावाची बदली आहे, तिने हा त्रास फारच कमी होतो.

आता सगळ्याच वाचकांसाठी थोडे. दोन गोळ्या अशा आहेत की कितीही त्रास झाला तरी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक दिवसही चुकवायच्या नाहीत. पहिली, स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी : अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. ती थांबली तर स्टेंटमध्येच गाठ होऊ शकते. दात काढायचा म्हणून दंतवैद्यांनी थांबवायला सांगितली तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करायचा. अंगावर निळे डाग पडतात, दाढी करताना कापले तर रक्त लवकर थांबत नाही, हे अपेक्षितच आहे; शौचाला डांबरासारखे काळे झाले तर मात्र धावायचे. टिकाग्रेलॉरने काहींना उगाच धाप लागल्यासारखे होते, त्यालाही बदली आहे. दुसरी गोळी मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल या गटातली. तिने थकवा येतो, हातपाय गार पडतात, काहींना विचित्र स्वप्ने पडतात. पण ती एकदम तोडली तर हृदय उसळून धावू लागते आणि छातीचे दुखणे परत येते. सोडायचीच असेल तर हळूहळू, डॉक्टरांच्या हिशेबाने.

असे सगळे दुष्परिणाम छापून मी लोकांना घाबरवतो आहे का, असा आक्षेप मागे एका डॉक्टर स्नेह्यांनी घेतला होता. आक्षेपात दम आहे. २००३ मध्ये इटलीत ९६ पुरुषांवर मेटोप्रोलॉलच्याच गटातल्या एका औषधाचा अभ्यास झाला. अ‍ॅटेनोलॉल घेत आहोत हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्यात लैंगिक दुर्बलतेची तक्रार सुमारे ३ टक्क्यांनी केली. औषधाचे नाव माहीत असलेल्यांत सुमारे १६ टक्क्यांनी. आणि असा परिणाम होऊ शकतो हेही सांगितलेल्यांत ३१ टक्क्यांनी. तरीही मी सांगण्याच्या बाजूचा आहे. न सांगितलेल्या दुष्परिणामामुळे नार्वेच्या घरात काय झाले ते आपण पाहिलेच : तीन बाटल्या, एक एक्स-रे, दोन महिन्यांची झोपमोड आणि ज्येष्ठमध.

डॉक्टरांकडे जाताना तक्रार नुसती ‘गोळ्या सोसत नाहीत’ अशी नेऊ नका. त्याने त्यांना काहीच कळत नाही. कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला, दिवसाच्या कोणत्या वेळी होतो आणि त्यासाठी तुम्ही स्वतः काय काय घेतले, काढा, चूर्ण, तेल, फार्मसीतली गोळी, सगळे एका कागदावर लिहा. पाकिटे पिशवीत घालून सोबत न्या. ओपीडीत दरवेळी तेच डॉक्टर भेटतील असे नाही. कागद बोलला पाहिजे. पाकिटे समोर आली की कधी कधी भलतेच सापडते. सरकारी पुरवठ्यातली एक आणि बाहेरून आणलेली एक, नावे दोन, औषध एकच, आणि पेशंट दोन्ही घेतो आहे! मग दुष्परिणाम नाही होणार तर काय?

दुष्परिणाम नोंदवायची देशपातळीवरची व्यवस्थाही आहे. २०१० मध्ये ती सुरू झाली. तिचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. कळवायला डॉक्टर असावे लागत नाही, रुग्ण किंवा घरचे माणूसही कळवू शकते. कामाच्या दिवशी १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फोन फुकट लागतो, आणि रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही मिळतो.